वली मण्याराची टिचकी

१

वली मण्यार संध्याकाळी गावं फिरून आला, की आधी उंबऱ्याबाहेर खाकरायचा. मग पेटी उतरवायची, खांद्यावरच्या बांगड्यांच्या माळा खुंटीला अडकवायच्या, हातपाय धुवायचे आणि सायराबानूनं पुढे ठेवलेला चहा घेत उरलेल्या मालाची परीक्षा करायची. लग्न झाल्यापासून यात खंड पडला नव्हता. जुन्नरच्या त्या बोळात लोक म्हणायचे, कोंबडा एखाद्या दिवशी आरवायला विसरेल, पण वली खाकरायला विसरायचा नाही.

परीक्षा म्हणजे टिचकी. बांगडी डाव्या हाताच्या बोटावर झुलती धरायची, उजव्या हाताच्या नखानं हलकी टिचकी मारायची आणि कान तिरका करून ऐकायचं. धड बांगडी किणकिणते. एसटीच्या टपावर हिंदकळून जिला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली असेल, ती बद्द वाजते. अशी निघाली, की वली ती डावीकडे गोणपाटावर अलगद सरकवायचा. आजारी माणसाला अंथरुणावर कुशीला वळवावं तसं. त्या बांगड्या मग बोळातल्या पोरींना खेळायला मिळायच्या.

"लेकीबाळींच्या हातात बद्द काच घालायची न्हाई," तो म्हणायचा. "सासरी हात कापला, तर फुंकर घालाया आय जवळ नसती."

महाळुंगे पडवळपासून निरगुडसरपर्यंत बायका त्याला वलीभाऊ म्हणत. नवऱ्याशिवाय परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा तो एवढ्या एका माणसाच्या. त्या हाताचा वलीनं आयुष्यभर मान ठेवला. बांगड्या भरून झाल्या की बाई रिवाजाप्रमाणे वाकून नमस्कार करायची, आणि वली दोन्ही तळवे वर करून म्हणायचा, "दोन्ही घरं सुखात राहू देत."

त्या संध्याकाळी तो खाकरला नाही. सायराबानूला तो आल्याचं कळलं ते मागच्या खोलीत डब्याचं झाकण वाजलं तेव्हा. जाऊन पाहते तर पेटी अजून खांद्यावर, पायांवर रस्त्याची धूळ, आणि वली उभ्या उभ्या गूळ खातोय. ज्या माणसानं ईदच्या शीरखुर्म्यात कधी बोटाच्या वर काही बुडवलं नाही, तो गुळाचा खडा दाढेखाली फोडत होता.

"काय ओ, डोहाळं लागलं का तुमाला?" ती हसून म्हणाली.

एरवी अशा बोलण्यावर वलीनं सवाई उत्तर दिलं असतं. त्यानं नुसतं पाहिलं आणि दुसरा खडा घेतला. नंतर तो परीक्षेला बसला, तेव्हा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. किण, किण, किण. मग एक बद्द. एवढ्या वर्षांत तिचेही कान तयार झालेले. तिनं गोणपाटाकडे पाहिलं. गोणपाट रिकामं होतं. वलीनं ती बांगडी धड बांगड्यांच्या माळेत ओवली होती.

लाकडं ओली आहेत, तडतडताहेत, आपलंच ऐकण्यात काही चुकलं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण त्या भाकरीचं तिला भान राहिलं नाही आणि ती करपली.

२

पुढच्या महिन्यांत बोळाचं मत असं पडलं, की वली म्हातारपणी सुधारला. पूर्वी कुणाची पोर आजारी पडली की तो रात्रभर तळमळायचा, आता मजेत असायचा. पूर्वी बायकांसमोर मान वर करायचा नाही, आता ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बाईचं माप मोठ्यानं सांगायचा. "सव्वादोन. हिची अडीच." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"तुझं बरंय बाई," शेजारची जहाँआरा म्हणाली. "आमचे घरात आले की मढं बसल्यावानी बसतात. तुझे हसतात तरी."

वली हसायचा हे खरं. पण ते हसू सायराबानूसाठी नसायचं आणि जहाँआरासाठीही नसायचं. भिंतीपुढे बसवला तरी तो तसाच हसला असता.

आणि तो आवाज. आता परीक्षा संध्याकाळपुरती उरली नव्हती. सकाळी उठला की त्याला एक बांगडी लागायची, आणि तीवर टिचकी, टिचकी, टिचकी. कान मात्र तिरका व्हायचा नाही. ऐकण्यासाठी चाललेलं ते नव्हतंच. सायराबानू पाणी आणायला जायची, तर आवाज बोळाच्या तोंडापर्यंत सोबत यायचा. पुढे पुढे ती नळावर पोचली तरी तो तिच्या कानात असायचा, आणि तो घरातून येतो की आपल्याच डोक्यातून, हे तिला सांगता यायचं नाही.

अशात वलीचा धाकटा भाऊ बदरुद्दीन गेला. वलीनं त्याला खांद्यावर बसवून वाढवलेला. निरोप घेऊन माणूस दारात आला, तेव्हा सायराबानूला रडू फुटलं. वली टिचकी मारत होता. त्यानं निरोप ऐकला, मान हलवली आणि विचारलं, "जेवाण असंल न्हवं तिथं?"

धक्का बसलाय, लोक म्हणाले. दुःख आत जिरवतोय. सायराबानूनंही तेच धरून ठेवलं. पण दफन करून माणसं परतली, तेव्हा मयताच्या घरी बायकांच्या खोलीतून तिनं दाराआडून पाहिलं. बदरुद्दीनची पोरं बापाच्या नावानं हंबरडा फोडत होती आणि त्यांच्या मधोमध बसून वली गोड भाताची दुसरी थाळी मागत होता. तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या शरमेखाली एक भीतीही होती, तिला अजून तिनं नाव दिलं नव्हतं.

३

बाजारच्या दिवशी महाळुंगे पडवळहून प्रयागबाई आली. मोठ्या बागायतदाराच्या घरची, सरळ बोलणारी बाई. वलीनं तिच्या लग्नात तिचा चुडा भरला होता आणि पुढे तिच्या सुनांचाही. ती ओट्यावर न थांबता आत आली. वली मागच्या खोलीत आहे असं पाहून हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. भाऊंना आता आमच्या गावात धाडू नका."

"काय झालं?"

"आमची कुशाबाई हाय न्हवं, तिचा मालक गेला गेल्या महिन्यात. भाऊंना ठावं व्हतं. दारावर येऊन गेल्यालं. परवा आमी बायका बांगड्या भरत व्हतो, ती बिचारी लांब भिताडाला टेकून बसल्याली. भाऊ उठलं, तिच्याजवळ गेलं, तिचा हात हातात घेतला आन् हिरव्या बांगड्या भराया लागलं."

"हिरव्या?" सायराबानूनं विचारलं.

"आमाला वाटलं, चुकून. मी म्हणलं, भाऊ, अवो ती कुशाबाई. तर म्हणलं, ठावं हाय, कुशाबाई, सव्वादोन. आन् भरतच ऱ्हायलं. ती पोर दगड झाल्याली. हात काढून घ्यायचं सुदीक सुधरंना तिला. दोन्ही हात भरलं आन् मग..." प्रयागबाई थांबली. तिनं दाराकडे पाहिलं. आत टिचकी चालूच होती. "मग समोर बसून ऱ्हायलं. ती नमस्कार कराची वाट बघत. हसत."

कुशाबाईच्या हातातल्या त्या बांगड्या काढताना सगळ्या आळीच्या डोळ्यांना पाणी आलं, असं तिनं सांगितलं. गावात कुणी म्हणतं दारू, कुणी म्हणतं बाहेरचं. "मला तसलं काय वाटत न्हाई," प्रयागबाई म्हणाली, "पण वहिनी, त्यो आपला भाऊ नव्हता. कसं सांगू? तोंड भाऊचंच व्हतं."

सायराबानूनं तिला पाणी दिलं. निघताना प्रयागबाईनं तिचा हात दाबला आणि ती गेली. एका गावाची गोष्ट चार गावांत जायला किती वेळ लागतो? वलीची फिरती थांबली आणि तो दिवसभर घरात राहू लागला.

४

ती त्याला पेठेतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं वलीचे डोळे पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, वार विचारला, लग्नाचं साल विचारलं, उलटी गिनती करायला लावली. वलीनं सगळं बिनचूक सांगितलं. कुठल्या गावात कुणाची सून बाळंत झाली आणि तिचं माप काय, हेही न विचारता सांगितलं. डॉक्टर हसायला लागला.

"अहो बाई, यांची आठवण माझ्यापेक्षा पक्की आहे. वय झालं, स्वभाव बदलतो. शक्तीचं औषध देतो."

वाटेत सायराबानूला वाटलं, तो वेडा आहे असं डॉक्टर म्हणाला असता तर बरं झालं असतं. विसरला असता तरी चाललं असतं. विसरलेल्या माणसाला आठवण करून देता येते. याला सगळं ठाऊक होतं. वलीला ठाऊक असलेलं सगळं याला ठाऊक होतं. मग वलीचं नेमकं काय याच्याकडे नव्हतं, आणि ते नसताना हा कोण होता? तिनं मनातल्या मनात तोबा केली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. तिला आपलाच नवरा डोळ्यांपुढे चालताना ओळखता येत नव्हता.

त्या दुपारी ती त्याच्यासमोर बसून रडली. ठरवून नाही. भाजी निवडताना आतून उमाळा आला आणि तिनं तो आवरला नाही. म्हटलं, आता तरी विचारेल. तरणी होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हा माणूस कासावीस व्हायचा, चूक कुणाचीही असो, आधी स्वतः माफी मागायचा.

वली टिचकी थांबवून पाहू लागला. तो जवळ सरकला. त्यानं बोट पुढे केलं, तिच्या गालावरचा थेंब बोटावर घेतला, तिचं काळीज क्षणभर हललं, आणि त्यानं ते बोट जिभेला लावलं.

"खारट," तो म्हणाला. आणि उठून गुळाच्या डब्याकडे गेला.

हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर हसतील, नाहीतर मांत्रिकाचा पत्ता देतील. नवरा जिवंत, धडधाकट, हसतमुख. त्याच्यासाठी रडायचीही तिला सोय नव्हती.

५

तिला एकच लेक, शमा. निरगुडसरला दिलेली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरचं. जावई शफीच्या भावानं दारात येऊन निरोप दिला, शुक्रवारच्या गाडीनं शफी वहिनीला घेऊन येतोय म्हणाला. सायराबानू हरखली. तिला वाटलं, घरात मूल रडलं की सगळं ठिकाणावर येईल. तान्ह्या जिवाकडे पाहून दगडालाही पाझर फुटतो. ती चिंध्यांची दुपटी शिवायला बसली. वली शेजारीच होता, टिचकी मारत.

गुरुवारी जहाँआरा आपला चार महिन्यांचा नातू ओट्यावर ठेवून पाणी भरायला गेली. सायराबानू आत तांदूळ पाखडत होती. बाळ रडलं. मुलं रडतातच. मग त्या रडण्याचा सूर बदलला, आणि सूप टाकून ती बाहेर धावली.

वली मांडी घालून बसला होता. बाळाचा हात त्याच्या डाव्या हातात, मुठीची बोटं सवयीनं मिटवून निमुळती केलेली, मनगटाला तेल लावलेलं. सगळं रीतसर. उजव्या हातानं तो खेळातली एक इवली काचेची बांगडी त्या मुठीवरून चढवत होता. ती चढणारी नव्हती. बाळ काळंनिळं पडलेलं, श्वास कोंडलेला. वलीच्या तोंडावर राग नव्हता, दुष्टपणा नव्हता. असता तर तिला समजलं असतं.

"सोडा," ती म्हणाली.

"व्हतंय, व्हतंय," तो तिला समजावत म्हणाला आणि अंगठ्यानं आणखी दाबलं.

तिनं बाळ हिसकावलं. काच ओट्यावर पडून फुटली. हात मोडला नव्हता, पण मुठीवर लाल वळ उठले होते. जहाँआरा आली, तेव्हा सायराबानूनं सांगितलं, मुंगळा चावला. जहाँआरानं वळाकडे पाहिलं, सायराबानूकडे पाहिलं, आणि नातवाला उचलून घरात जाऊन दार लावलं. त्या बोळात दिवसा कुणी दार लावत नसे.

६

सायराबानूनं वलीला मधल्या खोलीत बसवलं. पेटीला कुलूप घातलं. माळा, सुट्ट्या बांगड्या, पोरींच्या खेळातले तुकडेसुद्धा वेचून कोठीत टाकले. खोलीचं दार ओढून घेतलं आणि चुलीपुढे येऊन बसली. घर शांत होतं. किती दिवसांनी, तिला आठवेना.

मग टिचकी सुरू झाली.

सगळ्या बांगड्या कोठीत होत्या. तिनं स्वतः टाकल्या होत्या. पुन्हा आवाज. काचेचा नव्हताच तो. बद्द, कोरडा, आणि दोन टिचक्यांमध्ये थांबणारा. कुणीतरी ऐकत होतं. कितीतरी महिन्यांत वली ऐकण्यासाठी थांबला नव्हता.

ती भिंतीला धरून दारापाशी गेली आणि फटीला डोळा लावला. छपरातल्या काचेतून उन्हाचा कवडसा उतरत होता, त्यात वली बसला होता. त्यानं उजवा हात उचलला आणि आपल्याच कपाळावर, भुवईच्या वर, नखानं टिचकी मारली. कान तिरका केला. ऐकलं. थोडं डावीकडे सरकून पुन्हा मारली. ऐकलं. मग कानशिलावर.

तेव्हा तिनं त्याचा चेहरा पाहिला. तो वली होता. तिचा वली, माल पारखताना असायचा तसा, चिंतेनं कपाळाला आठी घातलेला. त्यानं शेवटची टिचकी मारली, बराच वेळ ऐकलं, आणि हात वर उचलून हवेतलं काहीतरी डावीकडे सरकवलं. अलगद.

सायराबानूनं दार ढकललं. कडी वाजली, त्यानं मान वर केली.

"गूळ हाय का?" त्यानं विचारलं. आणि हसला.

७

शुक्रवारी ती गाडीच्या आधीच स्टॅन्डवर जाऊन उभी राहिली. शमा खिडकीतून दिसली. शफी गाठोडी घेऊन खाली उतरला, शमा दांडा धरून पायरीवर आली, तोच सायराबानू आडवी झाली.

"उतरू नको. बोळात देवी निघाल्यात. जहाँआराच्या नातवाला लई जोर हाय."

धडधाकट लेकराचं नाव असं घेताना तिची जीभ अडखळली. शफी घाबरला. "मग मामी, तुमीबी चला आमच्यासंगं."

"मी गेल्यावर यांना कोण बघंल?"

शमाचा चेहरा पडला होता. नऊ महिने ती या दिवसावर जगलेली. "आन् अब्बा? ते का न्हाई आले? मला चुडा त्यांच्याच हातनं भरायचाय. दुसऱ्या कुणाला मी हात द्यायची न्हाई."

"त्यांनीच सांगितलं," सायराबानू म्हणाली. "पोरीला उंबरा चढू देऊ नको म्हणलं. लई जीव खालीवर व्हतोय त्यांचा तुझ्यापायी."

ते ऐकून शमा रडली, आणि रडता रडता तिला बरंही वाटलेलं दिसलं. सायराबानूनं तिच्या पोटावरून हात फिरवला, आत काहीतरी हललं. कंडक्टरनं हाक मारली. आपल्या लेकीच्या वेणा सासू ऐकेल, आपण ऐकणार नाही, हे तिला गाडी वळताना पुरतं कळलं, आणि भर स्टॅन्डवर तिनं तोंडात पदर कोंबला.

घरी आली तर वली ओट्याच्या कडेला उकिडवा बसून जहाँआराच्या बंद दाराकडे पाहत होता. त्याचे हात रिकामे होते आणि बोटं हवेत मुठी निमुळत्या करत होती. या हातांना कुणाचातरी हात लागणार, आज नाही तर उद्या. तिनं त्याला आत आणलं आणि दाराला आतून कडी घातली. कोठीतून पेटी काढली, त्याच्यासमोर मांडी घालून बसली, मनगटाला तेल लावलं आणि हात पुढे केला.

वलीनं तो घेतला. त्याच्या हाताची ऊब तीच होती, पकड तीच. बांगडी मात्र तिच्या मापाची नव्हती. बोटांच्या हाडांवर काच रुतली, तशी तिनं ओठ दाताखाली धरला आणि हात काढून घेतला नाही. पहिली चढली. दुसरी अर्ध्यावर फुटली, रक्ताची बारीक धार तेलात मिसळली. त्यानं तुकडे बाजूला केले.

"शमा माघारी गेली न्हवं?" तो म्हणाला.

तिनं त्याला काहीच सांगितलं नव्हतं. शफीच्या भावाचा निरोप त्यानं ऐकला असेल. पण माघारी गेल्याचं?

"गेली," ती म्हणाली.

"बरं झालं."

सायराबानूनं वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो तिच्या मनगटाकडे पाहत होता. "का बरं झालं?" तिनं विचारलं. "सांगा की. अहो, काय बरं झालं? तुमीच बोललात का हे? शमाच्या अब्बा?"

वलीनं पुढची बांगडी उचलली.